भाषांतर जमलं, पण तपासलं कुणावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्लीप अ‍ॅप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराच्या, स्क्रीनिंगसाठीची स्टॉप-बँग प्रश्नावली फारसीत तपासायची आहे. पुण्यात इराणी आणि अफगाण विद्यार्थी भेटतात, त्यांच्याकडून ती भरून घ्यावी, क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या वर आला की प्रश्नावली ‘व्हॅलिडेटेड’ झाली असं लिहावं, असं तुम्हाला सुचवलं गेलंय. हे चालेल का?

नाही चालणार. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. प्रश्न नीट कळतात का, ही एक. तोच माणूस दोनदा विचारलं तर तेच उत्तर देतो का, ही दुसरी. आणि प्रश्नावली ज्यांना ‘धोका आहे’ म्हणते त्यांचा श्वास झोपेत खरंच अडकतो का, ही तिसरी. स्क्रीनिंगच्या साधनाची खरी परीक्षा तिसरी. पहिल्या दोन पार पडल्याशिवाय तिसरीकडे जाता येत नाही, पण तेवढ्यावर थांबलात तर हाती एक सुवाच्य फॉर्म उरतो, चाचणी नाही.

विद्यार्थ्यांचा मुद्दा आधी संपवतो. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया वयाबरोबर, वजनाबरोबर आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर वाढतो. विशीतल्या सडपातळ मुलांच्या गटात आजारच इतका कमी असणार की प्रश्नावली तो पकडते की नाही हे ठरवायला माणसंच मिळणार नाहीत. वाक्यं कळतात का एवढंच पाहायला ही मुलं उपयोगी, तेही अर्धवट. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तेहरानच्या मुलीला जे वाक्य सहज कळतं, ते खोरासानमधल्या साठीच्या शेतकऱ्याला कळेलच असं नाही, आणि तुमची प्रश्नावली शेवटी त्या शेतकऱ्यासाठी आहे. अफगाण विद्यार्थी तर दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी बोलतात, काहींची मातृभाषा पश्तो असते. त्यांना इराणी फारसी समजते, पण त्यांची उत्तरं इराण्यांच्या ढिगात मिसळून एकच आकडा काढू नका.

आता फारसीत काय काय आहे ते पाहा, कारण तुमची पाटी कोरी नाही. बर्लिन प्रश्नावली (अ‍ॅप्नियाच्याच स्क्रीनिंगची दुसरी प्रश्नावली) हिची फारसी आवृत्ती इस्फहानच्या गटाने २०१३ मध्ये तपासून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी एपवर्थ झोपाळूपणा मापनाची इराणी आवृत्ती आली. स्टॉप-बँगची फारसी आवृत्ती तेहरानच्या गटाने स्लीप क्लिनिकमधल्या रुग्णांवर तपासली, ती २०१५ मध्ये छापून आली. तेव्हा नव्याने भाषांतर करण्याआधी स्वतःला विचारा, आहे त्यात कमी काय? माझ्या मते भाषांतराची कमतरता नाही. कमतरता आहे ती वेगळ्या लोकांमध्ये तपासण्याची: ऑपरेशनआधीच्या रुग्णांत, गावातल्या आरोग्य केंद्रात, ट्रकचालकांत, बायकांत. मूळ साधनावर हक्क कुणाचा हेही आधी पाहा. स्टॉप-बँग टोरांटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कचं आहे, एपवर्थचे परवाने मापी रिसर्च ट्रस्टकडून मिळतात. परवानगीविना केलेलं काम नंतर जर्नलच्या दारात अडकतं.

स्टॉप-बँग मुळात कुठे जन्मलं हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं जातं. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते मांडलं ते शस्त्रक्रियेला येणाऱ्या रुग्णांसाठी. भूल देण्याआधी हे कळणं गरजेचं असतं, कारण भुलीची आणि वेदनाशामक औषधं घशाचे स्नायू सैल करतात. तिथे आजार असलेला माणूस सुटून गेला तर महागात पडतं, नसलेल्याला उगाच संशयित ठरवलं तर फार तर रात्रभर ऑक्सिजनवर नजर ठेवावी लागते. म्हणून हे साधन मुद्दामच जाळं रुंद टाकतं. आठ प्रश्न, प्रत्येकी एक गुण: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब; मग बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर आणि पुरुष असणं. ० ते २ कमी धोका, ३ आणि ४ मध्यम, ५ पासून जास्त.

या आठांतले चार प्रश्न भाषेचे नाहीतच. वय, लिंग, बीएमआय आणि मान यांचं भाषांतर काय करणार? म्हणजे ‘फारसी स्टॉप-बँग’ म्हणताना तुम्ही फक्त अर्ध्या प्रश्नावलीबद्दल बोलताय. उरलेली अर्धी मोजपट्टी आणि वजनकाट्यावर आहे, आणि नव्या देशात ती जास्त दगा देते. बीएमआय ३५ हा उंबरठा उत्तर अमेरिकेतल्या लोकांवरून आला. आशियातल्या बऱ्याच गटांत त्याच्या खूप खालीच अ‍ॅप्निया सुरू होतो, तिथे या प्रश्नाला जवळजवळ कुणालाच गुण मिळत नाही. इराणचं चित्र आणखी निराळं आहे: तिथे लठ्ठपणा पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि प्रश्नावली पुरुष असण्याचा गुण आधीच पुरुषांच्या पदरात टाकते. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेली, वजन वाढलेली, पाळी गेलेली बाई घोरण्याबद्दल ‘नाही’ म्हणाली की दोन-तीन गुणांवरच राहू शकते. तुमच्या अभ्यासात बायकांचे आणि पुरुषांचे आकडे वेगळे दिले नाहीत तर हे कुणाला दिसणारही नाही.

मानेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मूळ उंबरठा ४० सेंटिमीटर होता. नंतरच्या आवृत्तीत पुरुषांसाठी ४३ आणि बायकांसाठी ४१ आला. कुठला वापरलात ते ठळक लिहा. माप कंठमण्याच्या पातळीवर घ्यायचं, बसवून की उभं करून हे आधी ठरवायचं, आणि घेणाऱ्या दोघातिघांनी एकाच माणसाची मान मोजली तर किती फरक येतो हे सुरुवातीलाच पाहायचं. हेडस्कार्फवरून अंदाजे घेतलेलं माप काही कामाचं नाही. स्त्री रुग्णांसाठी माप घ्यायला स्त्री कर्मचारी ठेवा.

भाषेच्या अर्ध्या भागाकडे वळू. पद्धत ठरलेली आहे: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, मग समितीची बैठक आणि ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी. उलट भाषांतरावर लोक फार भिस्त ठेवतात. कुशल भाषांतरकार वाकडंतिकडं वाक्यही सुबक इंग्रजीत परत आणतो, आणि समितीला सगळं ठाकठीक वाटतं. खरा माल पूर्वचाचणीत मिळतो, तोही ‘प्रश्न कळला का?’ असं विचारून नाही. माणूस सभ्यपणे ‘हो, कळला’ म्हणतो, आणि सभ्यतेच्या बाबतीत इराणी माणूस कुणाला हार जात नाही. त्याऐवजी ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’, ‘हो म्हणालात, तेव्हा कुठला प्रसंग डोळ्यापुढे होता?’ असं विचारा.

असं विचारलं की अडचणी वर येतात. थकव्याचाच प्रश्न घ्या. इंग्रजीत तो थकलेला, दमलेला किंवा झोपाळलेला असे तिन्ही एकाच वाक्यात विचारतो. फारसीत थकण्यासाठीचा ‘खस्ते’ हा शब्द रोजच्या ‘खस्ते नबाशीद’ या अभिवादनात इतका घासलेला आहे की दिवसभर राबलेला कुणीही त्याला ‘हो’ म्हणेल. तुम्हाला हवा असतो तो न राबताही येणारा, बसल्या जागी डोळे मिटवणारा झोपाळूपणा. वाक्यात हा भेद राखला नाही तर या प्रश्नाला निम्म्याहून जास्त लोक गुण मिळवतील, आणि सगळ्यांनाच मिळणारा गुण कुणालाच वेगळं काढत नाही.

एपवर्थ सोबत वापरणार असाल तर आणखी दोन खड्डे आहेत. मरे जॉन्स यांनी मेलबर्नमध्ये १९९१ साली ते मांडलं, आणि त्यातल्या आठ प्रसंगांत एक ‘दारू न घेता जेवणानंतर शांत बसलेले असताना’ असा आहे. दारूला बंदी असलेल्या देशात हा उल्लेख तसाच ठेवला तर काही जण बिचकतात, काही चिडतात. आणि मद्याचा भाग काढून टाकला तर काढला असं लिहावं लागतं. दुसरा खड्डा गाडीचा: वाहतुकीत काही मिनिटं थांबलेल्या गाडीत पेंग येते का? कधी गाडी न चालवलेली गावातली बाई याला काय उत्तर देणार? बर्लिन प्रश्नावलीतल्या गाडी चालवताना डुलकी लागण्याच्या प्रश्नाचंही तेच. रिकामी सोडलेली उत्तरं मोजा, कुणी सोडली ते पाहा. रिकाम्या जागा बहुधा वयस्क बायकांकडे आणि कमी शिकलेल्यांकडे गोळा होतात. त्या शून्य धरून पुढे गेलात तर त्याच लोकांचा धोका तुम्ही कागदावर कमी केलात.

‘झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का’ हा आठांतला सगळ्यात बोलका प्रश्न, पण त्याला साक्षीदार लागतो. विधुर, एकटे राहणारे, वेगळ्या खोलीत झोपणारे यांच्याकडे तो नसतो. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांच्या चौकटी वेगळ्या ठेवा. मूळ साधनात ही सोय नाही, म्हणून अंतिम गुणात दोन्हींना शून्यच धरा, पण नोंद वेगळी असू द्या. जोडीदार सोबत आला असेल तर त्याच्याकडूनही प्रश्नावली भरून घ्या. नवरा स्वतःच्या घोरण्याबद्दल सांगतो आणि बायको त्याच्या घोरण्याबद्दल सांगते, यातला फरक हा स्वतंत्र शोधनिबंधाचा विषय आहे. बायकोच्या घोरण्याबद्दल मात्र दोघंही गप्प बसण्याची शक्यता जास्त.

फारसी लिहिण्याची आणि बोलण्याची बरीच वेगळी असते. छापील प्रश्नावली पुस्तकी भाषेत असते; ती कुणी वाचून दाखवली की वाचणारा आपसूक बोली रूपं वापरतो. इराणमध्ये फारसी ही शाळेची आणि सरकारची भाषा, पण तब्रीझमध्ये घरी अझेरी तुर्की, सनंदजमध्ये कुर्दी, पश्चिमेकडच्या डोंगरांत लुरी चालते. गावच्या आरोग्य घरात ‘बेहवर्ज’ म्हणून ओळखला जाणारा स्थानिक आरोग्यसेवक असतो, इराणच्या प्राथमिक आरोग्यसेवेचा कणाच तो. त्याच्या हातात फारसी कागद दिलात तर तो समोरच्या आजीला तुर्कीत किंवा कुर्दीत समजावून सांगेल, आणि त्या क्षणी तुमची तपासलेली आवृत्ती बाजूला पडून एक न तपासलेली आवृत्ती वापरात येईल. म्हणून मातृभाषा कोणती, प्रश्नावली स्वतः भरली की कुणी विचारली, आणि कोणत्या भाषेत विचारली, हे तीन रकाने सक्तीचे करा. ‘फारसी बोलणारे’ म्हणजे नेमके कोण याचं उत्तर या रकान्यांतून मिळतं. दुशान्बेत ताजिकीसाठी लिपीही सिरिलिक असते, तिथे तुमचा छापील फॉर्म वाचताही येणार नाही.

दोनदा विचारून पाहण्याच्या चाचणीसाठी साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठीक. मधल्या काळात सीपॅप (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं उपचाराचं यंत्र) सुरू होता कामा नये, आणि मध्ये रमजान लागता कामा नये. रमजानमध्ये पहाटेच्या खाण्यासाठी उठणं, रात्रीचं जेवण उशिरा, झोपेचे तुकडे, दुपारची पेंग असं सगळंच बदलतं. पहिली फेरी आधी आणि दुसरी त्या महिन्यात झाली तर तुम्ही कॅलेंडर मोजाल. दोन फेऱ्यांचा मेळ मोजायला हो-नाही उत्तरांसाठी काप्पा, एकूण गुणांसाठी आयसीसी हे आकडे वापरा. यावर जास्त वेळ घालवू नका.

आता अल्फाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा भर तिथेच होता. क्रॉनबॅक अल्फा प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. नैराश्याच्या प्रश्नावलीत हे महत्त्वाचं, कारण तिथे सगळे प्रश्न एकाच आतल्या अवस्थेची प्रतिबिंबं असतात. स्टॉप-बँगमधले प्रश्न तसे नाहीत. पुरुष असणं आणि पन्नाशी ओलांडणं यांचा एकमेकांशी संबंध का असावा? ती धोक्याची वेगवेगळी कारणं आणि खुणा आहेत, आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असणं हेच चांगलं, कारण मग प्रत्येक प्रश्न नवी माहिती आणतो. अल्फा वाढवायचा तर घोरण्याबद्दलच पाच प्रश्न विचारा, झकास वाढेल. अ‍ॅप्निया पकडण्याची ताकद तसूभरही वाढणार नाही. म्हणून स्टॉप-बँगचा अल्फा कमी आला म्हणून भाषांतर वाईट ठरत नाही, आणि जास्त आला म्हणून साधन चांगलं ठरत नाही. परीक्षक मागतात म्हणून द्यायचाच असेल तर एका ओळीत द्या. एपवर्थसाठी मात्र तो योग्य आहे.

खरी कसोटी रात्रीची आहे. पॉलिसोम्नोग्राफीत, म्हणजे रात्रभर झोप, श्वास आणि ऑक्सिजन नोंदवणाऱ्या स्लीप स्टडीत, श्वासाचा प्रवाह १० सेकंद किंवा जास्त काळ जवळपास बंद पडला तर अ‍ॅप्निया, निदान ३० टक्के घटला आणि सोबत ऑक्सिजन उतरला तर हायपॉप्निया. दोन्ही मिळून तासाला किती, तो एएचआय. ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. हायपॉप्नियासाठी ऑक्सिजन ३ टक्के उतरणं किंवा मेंदूची जाग धरायची, की ४ टक्के उतरणंच धरायचं, यावर एकाच माणसाचा एएचआय बराच बदलतो. दोन अभ्यासांची तुलना करताना लोक इथेच फसतात. झोपेची नोंद न करणारं घरगुती यंत्र वापरलंत तर भागाकार झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या तासांनी होतो, म्हणून एएचआय कमी दिसतो. इराणच्या बाबतीत उंचीचाही विचार करा: बंदर अब्बास समुद्रकाठी, इस्फहान दीड हजार मीटरच्या वर, शहरेकोर्द दोन हजारांच्या आसपास. उंचावर मूळ ऑक्सिजनच थोडा खाली असतो, त्यामुळे तो आणखी ३-४ टक्के उतरायला कमी कारण लागतं. एकाहून जास्त शहरांतून रुग्ण घेणार असाल तर शहराप्रमाणे आकडे वेगळे पाहा. प्रश्नावली रात्रीच्या तपासणीआधी भरलेली हवी, आणि स्लीप स्टडी वाचणाऱ्याला गुण माहीत नकोत.

इथपर्यंत सगळं नीट केलं तरी एक गोष्ट उरते, आणि माझं सगळं म्हणणं तिच्याभोवतीच आहे. अभ्यासातून येणारी सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) प्रश्नावलीच्या मालकीची नसते. ती प्रश्नावली आणि ते लोक यांच्या जोडीची असते.

समजा, सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी ४० टक्के आली. स्लीप क्लिनिकमध्ये २०० जण आले. तिथे सगळे घोरण्याची तक्रार घेऊनच येतात, म्हणून त्यातल्या १६० जणांना आजार आहे असं धरू. प्रश्नावली १४४ जणांना बरोबर पकडेल आणि निरोगी ४० पैकी २४ जणांना उगाच पकडेल. पकडलेल्या १६८ पैकी १४४ खरे, म्हणजे सुमारे ८६ टक्के. छान वाटतं ना? पण काहीच न विचारता सरसकट सगळ्यांना ‘आजार आहे’ म्हटलं असतं तरी ८० टक्के बरोबर आलं असतं. आणि ‘धोका नाही’ ठरलेल्या ३२ जणांतले १६ जण आजारी आहेत; म्हणजे क्लिनिकमध्ये ‘नाही’ या निकालाला नाणेफेकीइतकीच किंमत.

तेच दोन आकडे गावात नेऊ. हजार माणसं, त्यातल्या १०० जणांना आजार. ९० पकडले जातील, १० सुटतील. निरोगी ९०० पैकी ५४० जण मात्र उगाच पकडले जातील. म्हणजे ६३० जणांना स्लीप लॅबकडे पाठवायचं आणि त्यातल्या ९० जणांत आजार सापडायचा. इतक्या रात्रींच्या तपासण्या कुठल्या जिल्ह्यात होऊ शकतात? उलट इथे ‘नाही’ हा निकाल ९७ टक्के खरा ठरतो. एकच साधन, तेच आकडे, पण एका जागी ‘हो’ला फारशी किंमत नाही आणि दुसरीकडे ‘नाही’ला.

हे गणितही अजून सोपं करून सांगितलंय, कारण गावात ते दोन आकडे तेच राहणार नाहीत. क्लिनिकमधला ‘निरोगी’ माणूस हा घोरणारा, थकलेला, फक्त एएचआय ५ च्या खाली आलेला माणूस असतो. त्याला गावातल्या खरोखर निरोगी माणसापेक्षा जास्त गुण मिळणारच. म्हणून क्लिनिकमधली स्पेसिफिसिटी कमी दिसते. आणि क्लिनिकमधले आजारी जास्त तीव्र असतात, म्हणून तिथली सेन्सिटिव्हिटी जास्त दिसते. ‘फारसी आवृत्तीची सेन्सिटिव्हिटी अमुक’ या वाक्यातून ‘तेहरानच्या स्लीप क्लिनिकमध्ये पाठवलेल्या रुग्णांत’ हे शब्द गळून पडले की तो आकडा बेवारस होतो, आणि मग कुणीही त्याला हव्या त्या गावी घेऊन जातो.

याच्या शेजारचाच एक सापळा आहे, आणि पैसे वाचवण्याच्या नादात बरेच जण त्यात पडतात. स्लीप स्टडी महाग, म्हणून जास्त गुणवाल्यांनाच पाठवायचं आणि कमी गुणवाल्यांतले मोजकेच घ्यायचे. समजा ५०० जणांपैकी २०० जणांना जास्त गुण आले. त्या सगळ्यांची तपासणी झाली: १२० आजारी, ८० निरोगी. कमी गुणवाल्या ३०० पैकी फक्त ३० जणांची झाली: ६ आजारी, २४ निरोगी. तपासलेल्यांवरूनच हिशेब केला तर सेन्सिटिव्हिटी १२६ पैकी १२०, म्हणजे ९५ टक्के. स्पेसिफिसिटी १०४ पैकी २४, म्हणजे २३ टक्के. आता ते ३० जण ३०० मधून चिठ्ठ्या टाकून निवडले असतील, तर त्यांना दहापटीने मोजा: कमी गुणवाल्यांत ६० आजारी आणि २४० निरोगी. मग सेन्सिटिव्हिटी १८० पैकी १२०, म्हणजे ६७ टक्के, आणि स्पेसिफिसिटी ३२० पैकी २४०, म्हणजे ७५ टक्के. माणसं तीच, रात्री तेवढ्याच, फक्त हिशेब बदलला आणि साधनाचा स्वभावच उलटा निघाला. ही दुरुस्ती बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ मध्येच मांडून ठेवली आहे. पण तिला एक अट आहे: ते ३० जण खरोखर चिठ्ठीनेच निवडलेले हवेत. ‘ज्यांनी हौसेने होकार दिला’ ते घेतले तर दुरुस्ती लागू पडत नाही, कारण हौस बहुधा त्यांनाच असते ज्यांना आतून काहीतरी बिघडल्याचं जाणवतंय.

नमुन्याचा आकार ठरवताना एकूण माणसं मोजू नका, निरोगी किती मिळतील ते मोजा. क्लिनिकमध्ये दीडशे जण घेतले आणि त्यात निरोगी २५ च निघाले, त्यातल्या १५ जणांना प्रश्नावलीने बरोबर सोडलं, तर स्पेसिफिसिटी ६० टक्के आली खरी, पण तिची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा ती, ४१ ते ७७ पर्यंत पसरते. एवढ्या पसाऱ्यावर कुठला उंबरठा ठरवणार? आणि त्याच दीडशे जणांवर आरओसी आलेख (प्रत्येक उंबरठ्याला सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी किती ते दाखवणारा) काढून ‘इराणींसाठी योग्य कट-ऑफ ४’ असं जाहीर करू नका. त्याच माणसांवर ठरवलेला उंबरठा त्याच माणसांवर नेहमीच गोंडस दिसतो; तो दुसऱ्या गटावर तपासला की खरा रंग कळतो.

ट्रकचालकांचा वेगळा विचार करा. तेहरानच्या बहारलू रुग्णालयाशी जोडलेलं कामगारांच्या झोपेचं संशोधन केंद्र आहे, त्यामुळे इराणमध्ये हा विषय जुना आहे. ज्याचा परवाना उत्तरावर अवलंबून आहे तो घोरत नाही, थकत नाही आणि त्याचा श्वास कधीच अडकलेला नसतो. तिथे भाषांतर कितीही सुंदर असलं तरी पहिले तीन प्रश्न जवळजवळ मेलेले असतात. जिवंत राहतात ते मान, वजन, वय आणि मोजलेला रक्तदाब. चालकांसाठी २०१६ मध्ये लॉझानच्या गटाने मांडलेलं नोसॅस हे गुणांकनाचं साधन जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण त्यात मानेचा घेर, बीएमआय आणि वय यांनाच बहुतेक गुण आहेत आणि घोरण्याला २ च. रक्तदाबही ‘आहे का’ असं विचारून थांबू नका. ज्याला तो आहे हे माहीतच नाही, तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर विद्यार्थ्यांवरचा बेत सोडला असता. इराणमधला एखादा भागीदार विभाग शोधा, शक्यतो मोठ्या रुग्णालयातला भूलशास्त्र विभाग, कारण तिथे माणसं घोरण्याच्या तक्रारीने नव्हे तर हर्निया, पित्ताशय, गुडघा अशा कारणांनी येतात आणि आजारी-निरोगी असं खरं मिश्रण मिळतं. छापून आलेली फारसी स्टॉप-बँग परवानगीने तशीच वापरा. नवं भाषांतर नको. वीसेक जणांशी बसून थकव्याच्या आणि साक्षीदाराच्या प्रश्नाची उलटतपासणी करा, त्यात निम्म्या बायका आणि निदान काही कमी शिकलेले असू द्या. हाती समजा १५० रात्रींचा खर्च आहे. मग त्या सगळ्या जास्त गुणवाल्यांवर उधळू नका: ० ते २, ३ ते ४ आणि ५ पासून वर अशा तिन्ही गटांतून प्रत्येकी ५० जण चिठ्ठीने निवडा आणि एकूण किती जणांतून निवडले ती यादी जपून ठेवा, म्हणजे वजन देऊन परतीचा हिशेब करता येईल. निवडलेल्यांपैकी कोण रात्रीला आलेच नाहीत तेही लिहा. निकाल १५ आणि ३० या दोन्ही एएचआय मर्यादांवर, बायका-पुरुष वेगळे, विश्वासमर्यादेसकट द्या. मान आणि बीएमआय यांचे मूळ उंबरठे ठेवून एकदा आणि आशियाई लोकांसाठी सुचवलेले कमी उंबरठे लावून एकदा, असे दोन हिशेब शेजारी-शेजारी मांडा. हे दुसरे उंबरठे अभ्यास सुरू होण्याआधी लिहून ठेवलेले हवेत.

पुण्यातल्या मुलांना अगदीच सोडायचं नसेल तर त्यांच्याकडून एक काम जरूर करून घ्या. दरी बोलणाऱ्यांना इराणी आवृत्ती वाचायला द्या आणि कुठे अडखळतात त्यावर खुणा करून घ्या. काबूल किंवा हेरातसाठी पुढे कुणी आवृत्ती करणार असेल, तर त्या खुणांपासून सुरुवात करता येईल.